वॉर्डातली गावपळण

मालवण,
ता. ४ जानेवारी १९८६

सौ. कावेरीवन्सं यांस,

जानकीचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेलच. नऊ वर्षांनी वैनीचं पत्र कशाला, असं म्हणून फाडण्याआधी एवढं वाचा. तुमचे भाऊ इथे मालवणला इस्पितळात आहेत. जिवावरचं आता काही नाही. साखर वाढली होती. मंगळवारी सकाळी पडवीत बसल्या जागी कलंडले, हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. शेजाऱ्यांनी गाडी करून आणलं. दोन दिवस बाटल्या लावल्या. आता डोळे उघडतात, घोटभर पेज पितात आणि सिस्टर सुई घेऊन आली की तिला पाढे म्हणायला सांगतात. मास्तरकी सोडून तेरा वर्षं झाली तरी सुटलेली नाही.

पत्रात 'हे' 'हे' लिहीत बसले तर कोणाबद्दल चाललंय ते कळायचं नाही, कारण वॉर्डात सगळ्याच बायकांचे 'हे' आहेत. म्हणून सरळ दाजी लिहिते. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून जो काय दोष लागायचा तो या वयात लागो.

डॉक्टर विचारत होते, एवढी साखर चढली कशी. मी म्हटलं, मला काय ठाऊक? दहा वर्षं मी त्यांचं पथ्य सांभाळते आहे. गोळी वेळेवर, चहा बिनसाखरेचा, भात मुठीएवढा. गावात कोणालाही विचारा. इथे इंजेक्शनं चालू आहेत तरी साखर म्हणावी तशी उतरत नाही. काल उशीला मुंग्या लागल्या म्हणून सिस्टर माझ्यावरच ओरडली. आता मुंग्यांचं मी काय करू?

तुमचा भाचा गुरुदास मुंबईहून येऊन दोन दिवस राहून गेला. त्याला रजा नाही. मी आहे. तुम्ही यावं म्हणून हे लिहीत नाही. बांद्याहून गाड्या बदलत यायचं, आणि तुमचे गुडघे धरले आहेत असं कानावर आलं. उगाच उद्या कोणी म्हणायला नको की बहिणीला कळवलंसुद्धा नाही. आधीच एक बोल माझ्या नावावर आहे, तेवढा पुरे.

सौ. जानकी

मालवण,
ता. ९ जानेवारी १९८६

कावेरी,

'वन्सं' आणि 'यांस' लिहून बघितलं, हात अडखळतो. तू चौदा वर्षांची असताना मी त्या घरात आले. तुझ्या वेण्या मी घातल्या, तुझ्या उवा मी मारल्या. तुला अहोजाहो करायचं म्हणजे मलाच हसू येतं. रागवायचं असेल तर 'तू' म्हटल्यावर राग.

तुझं उत्तर नाही. नसू दे. पण एक गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला सांगू ते कळत नाही, म्हणून लिहिते.

दाजींना वाटतंय की गावपळण चालू आहे.

डॉक्टर साताऱ्याकडचे, वयाने गुरुदासहूनही लहान. मला बाजूला घेऊन विचारतात, "आजी, हे मास्तर सारखं 'कौल झालो काय' असं विचारतात, ते काय?" त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आमच्या गावात तीनचार वर्षांनी देवाचा हुकूम होतो. मग तीन दिवस आणि तीन रात्री सगळ्या गावाने घरं उघडी टाकून शिवेबाहेर माळावर जाऊन राहायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, तान्ही पोरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारीसुद्धा. गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. चौथ्या दिवशी देवाचा कौल झाला की घरी. कौल झाला नाही तर आणखी राहायचं. डॉक्टर ऐकतच राहिले. म्हणाले, "घराला कुलूप पण नाही?" मी म्हटलं, कुलूप लावून देवावर संशय घ्यायचा होय?

खरं सांगू, दाजींचं चुकतं कुठे, हेच मला समजत नाही. वॉर्डात ओळीने माणसं निजलेली. प्रत्येकाच्या उशाशी बोचकं. आवारात तीन दगड मांडून बायका पेज शिजवतात, धूर आत येतो. ह्याचं खोकणं त्याला ऐकू जातं. माळावर याहून वेगळं काय असतं? शेजारच्या खाटेवर सत्यवान म्हणून घाटाच्या पायथ्याकडचा एक शेतकरी आहे, त्यालाही साखर, पायाला जखम झालीय. दाजी रोज सकाळी त्याला विचारतात, "बैल खंय बांधलंस रे?" तो बापडा एकदाही हसला नाही. म्हणतो, "आंब्याखाली बांधलंय, मास्तरांनू. गवत घातलंय." त्याची बायको शेवंती तोंडाला पदर लावते, पण तीही काही बोलत नाही. अशी माणसं शेजारी मिळाली हे आमचं नशीबच.

डॉक्टर म्हणतात, म्हाताऱ्या माणसाची साखर अशी वरखाली झाली आणि त्यात अनोळखी जागा, की असा गोंधळ पुष्कळांना होतो. साखर ताळ्यावर आली की काहींचा जातो. काहींचा नाही जात, त्यांचा विसर आधीपासूनच लागलेला असतो. मग मला विचारलं, आधी कधी विसरत होते का? मी म्हटलं, म्हातारपणी कोण नाही विसरत?

आता जे सांगायचं ते सांगते. काल दुपारी माझा हात धरून म्हणाले, "बरा झाला गो, कावेरीन गाडी धाडल्यान आणि आयेक बांद्याक घेऊन गेली. हयसर गारठो केवढो. तुझा आयकला असता तर म्हातारी माळावरच मेली असती."

आये बांद्याला गेलीच नव्हती. तू पाठवलेली गाडी मी परत पाठवली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे आये माळावरच वारली. हे तुला ठाऊक, मला ठाऊक, सगळ्या गावाला ठाऊक. फक्त त्यांच्या डोक्यात ते तुझ्या मनासारखं झालं आहे. हात माझा धरलेला आणि कौतुक तुझं चाललेलं. मी म्हटलं, "व्हय, बरा झाला." दुसरं काय म्हणणार होते?

जानकी

मालवण,
ता. १४ जानेवारी १९८६, संक्रांत

कावेरी,

तुझं कार्ड आज मिळालं. नऊ वर्षांनी एक ओळ. "दाजीची साखर कशी वाढली ते खरं लिही." खाली सहीसुद्धा नाही. तू मास्तरीण व्हायला हवी होतीस, भावापेक्षा बरी झाली असतीस.

खरं लिहिते. साखर मी वाढवली.

दोन वर्षांपूर्वी संकष्टीला दाजींनी गोळी घेतली आणि उपास धरला. संध्याकाळी घामाने निथळले, बडबडायला लागले, मला म्हणाले, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" मी शेजाऱ्यांना पिटाळलं. कंपाउंडर धावत आला. म्हणाला, साखर उतरली आहे, तोंडात साखर घाला. घातली. दहा मिनिटांत उठून बसले आणि मला विचारतात, "रडतंस कित्याक गो?" कावेरी, मेलेलं माणूस परत यावं तसं झालं मला. त्या दिवसापासून पदराच्या टोकाला खडीसाखरेची गाठ. कुठे लग्नाला गेले तरी गाठ बरोबर.

पुढे ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग वाट, मग माणसं. गेल्या पावसाळ्यात एकदा पुन्हा म्हणाले, "तुम्ही कोण?" मी लगेच गाठ सोडली. खडा चघळता चघळता अर्ध्या तासाने म्हणाले, "जानक्या, चाय टाक." मला वाटलं, लागू पडली. मग रोजचंच झालं. विसरले की खडा. पहिल्याने ओळख पटली नाही तर दुसरा. कधी पटायची, कधी नाही पटायची, जेव्हा पटायची तेव्हा श्रेय साखरेला. मधूनच मला संशय यायचा की हा माणूस खड्यासाठीच विसरतो की काय. तू हसशील. मी तेव्हा हसायचे.

लघवीची परीक्षा मी करत नव्हते असं नाही. निळं औषध नळीत घालून दिव्यावर उकळायचं, साखर नसली तर निळंच राहतं, जास्त असली तर विटेसारखं लाल होतं. दिवाळीपासून रोज लाल येत होतं. आणि मी काय समजले माहीत आहे? एवढी साखर बाहेर जाते म्हणजे डोक्यात काही उरतच नाही, म्हणून तर विसरतात. म्हणून आणखी दिली. सातवी पास बाई मी, मास्तराची बायको. हे सांगताना डॉक्टरसमोर मान वर करवली नाही.

इथेसुद्धा दिली. त्या मुंग्या त्याच्याच. इंजेक्शन चालू असताना मी उशीखालून खडे देत होते. शेवटी सिस्टरने माझ्या पदराची गाठ सोडायला लावली. ओरडली नाही. डॉक्टरनी मला स्टुलावर बसवून सांगितलं, "आजी, साखर उतरली की घाम येतो, कापरं भरतं, आणि साखर दिली की माणूस लगेच शुद्धीवर येतो. हे तसं नाही. हा वेगळा आजार आहे, स्मृतिभ्रंश म्हणतात. मधुमेहाच्या म्हाताऱ्यांमध्ये आम्ही तो पुष्कळ बघतो. साखर बिघडली की तो वाढतो, पण साखर देऊन जात नाही. तो जाणारा नाही." मी विचारलं, मग ते मला विसरले की मी काय देऊ? तो पोरगा म्हणाला, "नाव सांगा."

पहिल्या पत्रात लपवलं, कारण तू काय म्हणशील ते मला ऐकू येत होतं. आधी आयेला, आता भावाला. म्हणायचं असेल तर म्हण. या खेपेला मी उलट बोलणार नाही.

आज वॉर्डात शेवंतीने सगळ्यांना तिळगूळ वाटला. दाजींचा मी माझ्याकडे ठेवला. त्यांनी हात पुढे केला होता.

जानकी

मालवण,
ता. १९ जानेवारी १९८६

कावेरी,

साखर ताळ्यावर आली. खडे बंद झाल्यावर चार दिवसांत आली, म्हणजे बघ. ताप नाही, तोंडाला चव आहे, चालतातही. शुक्रवारीच डॉक्टरनी घरी न्यायला सांगितलं. बोचकं बांधलं, गाडी आली, आणि दाजींनी खाटेची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली ती सोडेनात.

"कौल होवंक नाय."

मी सांगितलं, झालो. सत्यवानने सांगितलं, "झालो, मास्तरांनू, मी आयकलंय." नाही. "आये खंय आसा? कावेरी आयेक घेऊन येतली, मगे जावया. म्हाताऱ्येक भायर ठेवन मी गावात पाय घालूचंय नाय." दोघा वॉर्डबॉयनी ओढायला घेतलं तेव्हा ज्या तऱ्हेने रडले ते मी सांगणार नाही. शाळेतल्या पोरावर त्यांनी कधी हातसुद्धा उगारला नाही, आणि त्यांनी वॉर्डबॉयला चावा घेतला.

खाली फरशीवर पेशंट निजले आहेत, खाट द्यायला हवी. डॉक्टर म्हणतात, गुंगीचं इंजेक्शन देऊन गाडीत घालू. मी नको म्हटलं. अजून दोनचार दिवस थांबा म्हणून हात जोडले. घरी जाग आल्यावर त्यांना काय वाटेल? आईला माळावर टाकून मी घरात येऊन निजलो, हेच. गेली नऊ वर्षं तेच वाटत होतं त्यांना. मला आता कळतंय.

तेव्हाचं तुला कधी सांगितलं नाही. तू सांगू दिलं नाहीस. तुझी गाडी दाराशी आली तेव्हा आयेला ताप होता. जाववणार होतं तिला, बांद्याला तुझ्या घरी, पक्क्या भिंतीत. मी गाडीवाल्याला म्हटलं, आमचं माणूस आमच्याबरोबर राहील. देवाची भीती होती असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं. भीती लोकांची होती. पळणीच्या वेळी सुनेने म्हातारी लेकीच्या गळ्यात घातली, असं कोणी म्हणेल याची. दाजी कोंबड्यांची पाटी हातात धरून पायरीवर उभे होते. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि काही बोलले नाहीत. तेव्हा बोलले नाहीत, नंतरही नाही. मला वाटायचं, त्यांना माझं पटलं होतं.

राहुटीत थंडी फार होती. तुझ्या लग्नाआधी आपण दोघींनी माझ्या हिरव्या आणि तुझ्या तांबड्या लुगड्याची वाकळ शिवली होती ना, टाक्यांवरून भांडलो होतो, ती मी आयेवर घातली होती. तू आलीस तेव्हा आये तिच्यातच होती. तू ती ओढून काढलीस आणि राहुटीबाहेर फेकलीस. म्हणालीस, "माझ्या आयेक तू मारलंस." त्याच्यावर आपलं बोलणं संपलं.

कावेरी, मला तुझ्याकडून एक खोटं हवं आहे. ते मागायचा अधिकार मला सगळ्या जगात सगळ्यात कमी आहे, हे समजून मागते. ये, आणि त्यांना सांग की कौल झाला. सांग की आये तुझ्याकडे बांद्याला आहे, सुखात आहे, थोडे दिवस तिथेच राहणार आहे. ते माझं ऐकत नाहीत. आयेच्या बाबतीत आता फक्त तुझं ऐकतील.

माझ्याशी बोलू नकोस. मी आवारात चुलीपाशी बसेन.

जानकी

घरून,
ता. २ फेब्रुवारी १९८६

प्रिय कावेरी,

तू आलीस. त्या शुक्रवारी, चोवीस तारखेला, दुपारी दारात तुझी छत्री आधी दिसली, मग तू. गुडघे धरलेले असताना तीन गाड्या बदलून आलीस आणि पाणीसुद्धा न पिता सरळ खाटेपाशी गेलीस. मी चुलीकडे जायला निघाले होते. जायला हवं होतं, पण पाय निघेना. दाराच्या आड उभी राहून ऐकलं. ते तुला ठाऊक आहे की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून कबूल करते, आता सगळंच कबूल करायला लागले आहे.

तुला बघून त्यांचा चेहरा कसा झाला! माझी ओळख पटायला मला दोन खडे लागायचे, तुला एकही लागला नाही. जळले मी जरा.

"कावेरी, इलंस? आये खंय?"

"आये बांद्याक आसा. माझ्याकडे. गरम पेज जेवली आणि निजली."

"तिका थंडी लागूक नाय मां गाडयेत?"

इथे तू थांबलीस. एवढं मी तुला शिकवलं नव्हतं, पत्रात नव्हतं. मला वाटलं, आता तू उठशील आणि खरं काय ते सांगून टाकशील. तुझा हक्क होता. पण तू त्यांच्या पायांवरची चादर नीट केलीस आणि म्हणालीस, "नाय रे. वैनीन तिका आपल्या हातान गाडयेत बसवल्यान. आमची ती हिरवी-तांबडी वाकळ आसा मां, ती अंगावर घातल्यान. आये वाटभर म्हणा होती, जानकीन माका बरा गुंडाळल्यान."

मग म्हणालीस, "कौल झालो, दाजी. ऊठ. घराक जावया." आणि त्यांनी दांडी सोडली.

त्यांना गाडीत बसवलं तेव्हा सत्यवान खाटेवरून ओरडला, "मास्तरांनू, माझेय बैल घेऊन येतंय मागसून!" तू हसलीस. नऊ वर्षांनी मी तुला हसताना बघितलं. चारच्या एसटीने गेलीस, माझ्याशी बोललीस ते एवढंच, "गोळ्या कोण देता?" मी म्हटलं, मी. तू मान हलवलीस. मला एवढं बोलणं पुरलं.

ते तू त्यांच्यासाठी बोललीस की माझ्यासाठी, हे विचारणार नाही. तूही सांगू नकोस. एक मात्र तुला ठाऊक नाही. तू फेकलेली वाकळ मी त्या दिवशी माळावरून उचलून आणली होती. धुतली, आणि ट्रंकेत तळाला ठेवली. अंगावर घेववत नव्हती आणि टाकवतही नव्हती. घरी आल्याच्या संध्याकाळी काढली. एका बाजूचे टाके उसवले आहेत. ते तुझ्या बाजूचे आहेत, भांडू नकोस. परत येशील तेव्हा दोघी बसून घालू.

दाजी बरे आहेत. नळीतलं औषध निळं राहतं, कधी हिरवट. कौल झालाय हे लक्षात राहिलं आहे, बाकी फारसं नाही. दोन दिवसांआड विचारतात, आयेची चिठी आली का. तेव्हा तुला वेळ झाला तर एक कार्ड टाक, आये बरी आहे, एवढंच. मी वाचून दाखवीन.

आणि काल सकाळी भाकरी थापत होते तर मागे येऊन उभे राहिले. मला निरखून बघितलं आणि विचारलं, "तू कोण गो?" माझा हात आपोआप पदराच्या टोकाला गेला. गाठ नव्हती. मग त्या डॉक्टरच्या पोराने सांगितलं होतं तसं केलं, नाव सांगितलं. "मी जानकी."

 मी तवा उतरून ठेवला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"जानकी म्हणजे... कावेरीची वैनी मां?"

मी म्हटलं, "व्हय. कावेरीची वैनी."

तुझी,
वैनी